नाताळचा रंगकाम संच : घरी आणि वर्गात वापरल्यानंतरचे मत

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या, की पुण्याच्या आप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत नाताळचे साहित्य दिसू लागते. मुलांनी रंगवायचे, कापायचे आणि चिकटवायचे असे तयार संचही त्यात असतात. त्यांपैकी २८० रुपयांचा एक संच यंदा मी घरी भाचीबरोबर आणि शाळेत दुसरी-तिसरीच्या मुलांबरोबर कार्यानुभवाच्या तासाला वापरला. असे संच बंद वेष्टनात मिळतात. पालक वरचे चित्र पाहून ते विकत घेतात आणि आतला कागद कसा आहे, मुलाला करण्यासारखे त्यात नेमके काय आहे, हे घरी आल्यावरच कळते. म्हणून या संचाविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

संचात ए-फोर आकाराची २४ पाने आहेत. त्यांपैकी सहा पाने गव्हाणीच्या देखाव्याची, चार शुभेच्छापत्रांची, सहा झाडावर टांगायच्या आकृत्यांची आणि चार पताकांची आहेत. उरलेल्या चार पानांवर चर्च, पॉइन्सेटियाचे फूल, हिमस्फटिक आणि सांताक्लॉज आहेत. सोबत बारा मेणखडू, चमकीची एक डबी आणि दोऱ्याचे छोटे रीळ मिळते. कात्री आणि डिंक आपला घ्यावा लागतो. माझे मत आधीच सांगते : पाने आणि त्यांवरची रेखाटने इतकी चांगली आहेत, की केवळ त्यांच्यासाठी संच घ्यावा. सोबतचे मेणखडू आणि चमकी मात्र बाजूला ठेवावी.

रंगकामाच्या वस्तूत कागद हा निम्मा भाग असतो, आणि बहुतेक संचांत काटकसर नेमकी तिथेच केलेली असते. झेरॉक्ससाठी वापरतात तो कागद ७० ते ८० जीएसएमचा, म्हणजे एक चौरस मीटरला ७० ते ८० ग्रॅम वजनाचा असतो. त्यावर स्केचपेनचा रंग मागच्या बाजूला उतरतो, पाण्याचा हात लागला की तो गोळा होतो, आणि त्यातून कापलेला मेंढपाळ टेबलावर उभा राहत नाही. या संचातल्या पानांवर कोपऱ्यात २०० जीएसएम असे छापले आहे आणि हाताला कागदही तसाच भरीव लागतो. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत नाही. त्याला किंचित खरखर आहे, त्यामुळे तेलखडू त्यावर घट्ट बसतो आणि एका रंगावर दुसरा चढवून बोटाने मिसळता येतो. लहान मुले तेलखडू दाबून, पुन्हा पुन्हा त्याच जागी फिरवतात. ते सगळे सोसूनही कागदाचे पापुद्रे निघाले नाहीत.

जाड कागदाची एक अडचण असते आणि तिचा उल्लेख सूचनापत्रकात नाही. तुटक रेषेवर तो सरळ दुमडला तर घडी फाटल्यासारखी दिसते आणि तिथला रंग उडतो. पट्टी ठेवून शाई संपलेल्या रिफिलीने त्या रेषेवर आधी एकदा जोर देऊन ओढले, की घडी काटेकोर पडते. मुलांना हे काम फार आवडते, कारण रिफिलीने काही उमटत नाही आणि तरी कागद नेमका तिथेच वळतो. तिसरीतल्या मुलांनी एकदा दाखवल्यावर स्वतःहून सगळ्या घड्या अशाच पाडल्या. दुसरीतल्यांना पट्टी धरून द्यावी लागली.

रेखाटने कोणी काढली आहेत त्याचे नाव पानांवर नाही, ते असायला हवे होते, कारण काढणाऱ्याला मुलांचा हात माहीत आहे. बाह्यरेषा काळ्या न ठेवता फिकट करड्या ठेवल्या आहेत. काळी जाड रेषा असली की मूल तिच्या आत रंग कोंबण्याच्या धडपडीत राहते, आणि जरा बाहेर गेले तर ‘चुकले’ म्हणून थांबते. करडी रेषा गडद रंगाखाली झाकली जाते. मग मुलाने स्वतः काढलेली कडच चित्राची कड होते. दुसरे म्हणजे चित्रांत मोकळ्या जागा पुष्कळ ठेवल्या आहेत. मेंढपाळांच्या कपड्यांवर नक्षी नाही, गोठ्याची मागची भिंत कोरी आहे, आणि पताकांवर तर केवळ चौकट आहे. भरगच्च नक्षीची पाने मोठ्या माणसांना आकर्षक वाटतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला त्यांत ठरवण्यासारखे काही उरत नाही आणि ते अर्ध्यावर कंटाळते. या पानांशी मुले बराच वेळ बसली, याचे श्रेय मी त्या मोकळ्या जागांना देते.

संचाचा खरा जीव गव्हाणीच्या देखाव्यात आहे. सहा पानांतून गोठा, गव्हाणीतला बाळ येशू, मरिया, योसेफ, मेंढपाळ, मेंढ्या, बैल, गाढव, तीन मागी (बाळाच्या दर्शनाला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी), त्यांचे उंट आणि वरचा तारा असे सगळे कापून उभे करता येते. प्रत्येक आकृतीच्या पायाशी दुमडून चिकटवायची पट्टी आहे आणि ती पुरेशी रुंद ठेवली आहे. नाताळ म्हणजे लाल टोपी, पांढरी दाढी आणि बर्फ एवढीच ओळख आपल्याकडच्या पुष्कळ मुलांना असते. संचात सांताक्लॉजला एकच पान दिले आणि गव्हाणीला सहा दिली, ही निवड मला मनापासून पटली. ज्यांच्या घरी हा सण आहे त्यांच्यासाठी त्याचा गाभा हाच आहे, आणि ज्यांच्या घरी नाही त्या मुलांनाही सणाची ओळख गाभ्यापासून व्हावी.

असा देखावा मांडण्याची प्रथा संत फ्रान्सिस यांच्याशी जोडली जाते. इटलीतल्या ग्रेचो या गावी १२२३ साली त्यांनी खऱ्या गव्हाणीत गवत घालून, बैल आणि गाढव आणून येशूच्या जन्माचा प्रसंग उभा केला. बायबलमध्ये मेंढपाळांची हकीकत लूकच्या शुभवर्तमानात येते, तर तारा पाहून पूर्वेकडून आलेल्या मागींची मत्तयच्या. देखाव्यात ही सगळी मंडळी एकत्र उभी राहतात. बैल आणि गाढव मात्र जन्माच्या वर्णनात कुठेच नाहीत, ते परंपरेने आले आहेत. सूचनापत्रकात यातले काहीच दिलेले नाही. चार ओळी दिल्या असत्या तर शिक्षकांना आणि पालकांना त्यांचा उपयोग झाला असता, कारण रंगवता रंगवता मुले विचारतातच. ‘बाई, बाळाला गवतावर का झोपवलं?’ हा प्रश्न पहिल्याच तासाला आला. उतारशाळेत जागा नव्हती म्हणून त्याला गव्हाणीत ठेवले, हे ऐकल्यावर एका मुलीने गव्हाणीतल्या गवतावर पिवळ्या तेलखडूचे इतके थर दिले की ते बोटाला जाणवू लागले.

मेंढपाळांच्या बाबतीत मोकळ्या जागेचा उपयोग सगळ्यांत चांगला झाला. एका मुलाने आपल्या मेंढपाळाच्या खांद्यावर काळे घोंगडे रंगवले आणि त्याची कड पांढऱ्या रेघांनी काढली. त्याच्या गावाकडचे धनगर तसेच घोंगडे पांघरतात. शेजारच्या मुलीने मग डोक्याला लाल मुंडासे दिले. पॅलेस्टाइनमधला मेंढपाळ असा दिसत नव्हता, हे मी त्यांना सांगितले. पण प्रत्येक देशातल्या लोकांनी हा प्रसंग आपापल्या वेशात रंगवला आहे, हेही सांगितले, आणि चित्र तसेच ठेवले. दिवाळीतल्या किल्ल्याचा सराव हातात असल्यामुळे पुण्यातल्या मुलांना हा देखावा मांडणे जड जात नाही. डोंगर कुठे उंच करायचा, वाट कुठून काढायची आणि किल्ल्यावर अळीव पेरतात तसे इथे काय उगवायचे, हे त्यांना सुचवावे लागले नाही. नाताळच्या देखाव्यासाठी काही ख्रिस्ती घरांतही आधीपासून धान्य पेरून हिरवे कोंब तयार ठेवतात, हे कळल्यावर वर्गात दुसऱ्याच दिवशी एका जुन्या ताटलीत माती आली.

शुभेच्छापत्रांची चार पाने साधी आणि उपयोगी आहेत. दर्शनी बाजूला फक्त बाह्यरेषा, आत कोरी जागा. छापील चित्र हाताने रंगवण्याशी नाताळच्या शुभेच्छापत्राचे नाते अगदी सुरुवातीपासूनचे आहे. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून करून घेतलेले पत्र हे विक्रीसाठी निघालेले पहिले नाताळ शुभेच्छापत्र मानले जाते. ते शिळाछापावर छापून नंतर हाताने रंगवले होते. मुलांना हे सांगितल्यावर आपण करतो ते काम खरोखरीचे काम आहे, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. आतल्या बाजूला रेघा आखलेल्या नाहीत. तिसरीच्या मुलांना त्याने फरक पडत नाही, पण दुसरीच्या मुलांचे अक्षर उतरत जाते, म्हणून त्यांना पेन्सिलीने फिकट रेघा आखून द्याव्यात.

पॉइन्सेटियाचे पान विचारपूर्वक केले आहे. डिसेंबरात पुण्यातल्या रोपवाटिकांत लालभडक पॉइन्सेटियाच्या कुंड्या मांडलेल्या असतात. हे झाड मूळचे मेक्सिकोकडचे आहे. ज्यांना आपण पाकळ्या समजतो ती त्याची वरची पाने असतात, आणि खरी फुले मधोमध बारीक पिवळ्या गोंड्यासारखी असतात. रात्री लांबत जातात तसतशी ती वरची पाने लाल होतात. संचात पानांचे तीन थर एकाच आकाराच्या वळणाने काढले आहेत, म्हणजे खालचा हिरवा आणि वरचे दोन लाल रंगवून एकमेकांवर चिकटवले की झाड जसे असते तसेच दिसते. कुंडी समोर ठेवून हे पान रंगवायला दिले, तर मुले लाल पानांवरच्या शिरासुद्धा काढतात.

हिमस्फटिकाच्या पानावर मात्र सरळ चूक आहे. तिथला स्फटिक आठ हातांचा काढला आहे. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी रचनेत जुळतात, त्यामुळे निसर्गातला हिमस्फटिक सहा बाजूंनी वाढतो. आठ हातांचा स्फटिक कोणत्याही ढगातून पडत नाही. पुण्यातल्या मुलांना बर्फवृष्टी पाहायला मिळत नाही, त्यांची ओळख चित्रातूनच होते. तेव्हा चित्र बरोबर असणे इथे अधिकच गरजेचे होते. ते पान मी वापरले नाही. त्याऐवजी साध्या पांढऱ्या कागदाचे वर्तुळ कापून ते निम्मे दुमडावे, त्या अर्धवर्तुळाचे तीन सारखे भाग एकमेकांवर आणावेत, आणि कडांना कात्रीने खाचा द्याव्यात. उलगडल्यावर सहा हातांचा स्फटिक मिळतो आणि प्रत्येक मुलाचा वेगळा येतो. यासाठी पातळ कागदच हवा, कारण इतक्या घड्या जाड कागदाला पेलत नाहीत.

चर्चच्या पानावर टोकदार छपराची, बर्फाने झाकलेली इमारत आहे. रेखाटन म्हणून ती वाईट नाही, पण आपल्याकडे पाहण्यासारखे इतके असताना ती परकी वाटते. गुरुवार पेठेतल्या पंचहौद चर्चचा विटांचा उंच मनोरा आमच्या वर्गातल्या अनेकांनी येताजाताना पाहिलेला आहे. क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च तर सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली दिलेल्या जागेवर उभे आहे, पेशव्यांच्या फौजेतल्या गोव्याकडच्या ख्रिस्ती सैनिकांसाठी. मुलांना पानाच्या कोऱ्या पाठीवर पंचहौदचा मनोरा आठवून काढायला सांगितला. विटांचा रंग देताना तांबडा की नारिंगी यावर बराच खल झाला. संचाच्या पुढच्या आवृत्तीत पुण्यातल्या किंवा वसईतल्या एखाद्या चर्चचे रेखाटन आले, तर ते पान मुले अधिक जिव्हाळ्याने रंगवतील.

आता सोबतच्या रंगांविषयी. मेणखडू कठीण आणि फिके आहेत. लाल रंग कितीही दाबला तरी गुलाबीच्या पुढे जात नाही, आणि डबीवर उत्पादकाचे नाव किंवा रंग मुलांसाठी निर्धोक असल्याचा उल्लेख नाही. ज्या वयात रंगाचे बोट तोंडात जाते त्या वयासाठीच्या वस्तूवर तो असलाच पाहिजे. चमकीबद्दल माझा आक्षेप याहून मोठा आहे. ती प्लास्टिकची बारीक पूड असते, बाकांच्या फटींत, मुलांच्या पापण्यांवर आणि डब्यातल्या पोळीवर जाऊन बसते, झाडून निघत नाही आणि मातीत कुजत नाही. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले आहेत. आपण निदान मुलांच्या हाती ती देऊ नये. ताऱ्याला चकाकी हवीच असेल, तर चॉकलेटची चांदी नखाने सपाट करून चिकटवावी.

या दोन्हींच्या जागी घरातल्याच वस्तूंनी अधिक चांगले काम होते. देखाव्यामागच्या आकाशासाठी आम्ही चांगल्या प्रतीच्या पांढऱ्या मेणखडूने जोर देऊन तारे काढले आणि वरून निळ्या जलरंगाचा पातळ हात फिरवला. मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे कोऱ्या दिसणाऱ्या कागदातून तारे एकेक करून वर येतात. हा प्रकार करताना वर्गात एकदम शांतता पसरते, आणि मग सगळ्यांना तो पुन्हा करायचा असतो. कागद २०० जीएसएमचा असल्यामुळे ओला झाल्यावर थोडा वळतो, पण वाळल्यावर वह्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवला की सरळ होतो. पताकांसाठी भेंडीचे ठसे घेतले. भेंडी आडवी कापली की तिला पाच टोकांचा तारा मिळतो. पोस्टर रंग ताटलीत घट्ट ठेवून, ओल्या स्पंजच्या तुकड्यावर तो पसरून ठसा उठवावा, म्हणजे आतल्या कप्प्यांसकट आकृती स्वच्छ येते. जून, जाड भेंडी यासाठी अधिक चांगली, कोवळी लगेच दबते.

घरी एक-दोन मुलांसाठी हा संच भरपूर आहे, नाताळच्या आधीचा आठवडा त्यात सहज जातो. आजी-आजोबा बरोबर बसणार असतील तर फारच छान, कारण मेंढ्यांच्या पायांमधले बारीक कापकाम लहान मुलांना जमत नाही आणि तिथे मोठ्या हाताची गरज लागते. वर्गासाठी मात्र आधी आखणी करावी लागते. वेष्टनावर वर्गापुरत्या प्रती काढण्याची परवानगी छापलेली आहे, ही मोठी सोय आहे. पण साध्या कागदावर प्रती काढल्या तर संचाचा मुख्य गुणच हरवतो. झेरॉक्सवाल्याला आधी विचारून पातळशी कार्डशीट त्याच्याकडे नेऊन द्यावी. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला पूर्ण देखावा देण्याचा हट्ट धरू नये. सहा-सात जणांचा एक गट करून प्रत्येक गटाने एक देखावा उभा करावा, त्यातली आकृती कोणी कोणती घ्यायची हे गटाने ठरवावे. रंगकाम एका तासाला आणि कापणे-चिकटवणे दुसऱ्या तासाला ठेवले, तर तेलखडूचे डाग कमी पडतात. शाळा २५ डिसेंबरला बंद असते, त्यामुळे त्याआधी निदान आठ दिवस कामाला सुरुवात व्हायला हवी.

देखावा नाताळ झाल्यावर लगेच आवरू नये. मागींच्या आगमनाचा सण ६ जानेवारीला असतो आणि अनेक घरांत तोपर्यंत देखावा ठेवतात. आमच्या वर्गात मागी आणि उंट सुरुवातीला खिडकीच्या दूरच्या टोकाला ठेवले आणि रोज एका मुलाने त्यांना थोडे पुढे सरकवले. आवरताना पायाच्या पट्ट्या सपाट करून आकृत्या जुन्या कॅलेंडरच्या पानांत ठेवल्या की पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येतात. कागद तेवढा टिकाऊ आहे.

किमतीचे म्हणाल, तर २४ चांगल्या पानांना २८० रुपये मला जास्त वाटले नाहीत. ज्यांच्याकडे तेलखडू आधीच आहेत त्यांनी मेणखडूंचे आणि चमकीचे पैसे का द्यावेत, हा प्रश्न मात्र उरतो. प्रकाशकाने हीच पाने रंगांशिवाय, थोड्या कमी किमतीत आणि शाळांसाठी गव्हाणीची सहा पाने वेगळी काढून द्यावीत. हिमस्फटिक दुरुस्त करावा, रेखाटनकाराचे नाव छापावे आणि सूचनापत्रकातली अक्षरे मोठी करावीत. तशी आवृत्ती निघाली, तर मी ती आमच्या शाळेतल्या प्रत्येक वर्गासाठी मागवायला सांगेन.